वाळवंटातलं पुरातत्त्व मुलांना शिकवायचंय? मग क्रम चुकवू नका

दिवाळी आटोपली की अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर दर वर्षी एकच विचारणा येते : "मुलांना एका दिवसात दाखवण्यासारखे अवशेष कुठले?" उत्तरादाखल पाच नावं येतात. लोक पाचही उरकतात, संध्याकाळी फोटो पडतात. आठवड्याने मुलाला विचारलं, की तो सांगतो, "एक मातीचं तुटकं घर होतं. आणि गिफ्ट शॉप होतं."

मी रविवारच्या मराठी शाळेत मोठ्या गटाला शिकवते आणि पहिली दोन वर्षं मीसुद्धा हेच केलं. जागा चांगल्या होत्या, मुलंही हुशार होती, फक्त आमचा क्रम उलटा होता. आम्ही आधी अवशेषांवर जायचो, मग माहिती शोधायचो आणि नियम तर कोणी ओरडल्यावरच कळायचे. खालचा क्रम आठ ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी आहे. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना बरोबर न्यायचं असेल तरी तोच चालतो, किंबहुना जास्त चालतो. का, ते पाचव्या टप्प्यात येईल.

टप्पा १ : प्रदेश लहान करा, प्रश्न एकच घ्या

सगळं साउथवेस्ट, म्हणजे अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग, एकदम शिकवायला घेणं ही पहिली चूक. कोलोरॅडोतल्या मेसा व्हर्देची कड्याच्या कपारीतली घरं आणि फिनिक्सच्या विमानतळाशेजारचा मातीचा चौथरा यांच्यात गाडीने जवळजवळ दिवसभराचं अंतर आहे. माणसं वेगळी, शेती वेगळी, पाण्याची सोय वेगळी. तिकडे उंच पठारावर मुख्यतः पावसाच्या भरवशावर मका घेत, इकडे सखल वाळवंटात नदीचं पाणी कालव्याने शेतात आणत. दोन्ही एका तासात कोंबलं की मुलांच्या डोक्यात खिचडी होते.

एक खोरं निवडा. फिनिक्सकरांनी सॉल्ट आणि हीला या नद्यांचं घ्यावं, टूसॉनकरांनी सांता क्रूझचं. काळही आवरता घ्या. इथल्या कालव्यांवर शेती करणाऱ्यांच्या राहणीला पुरातत्त्वज्ञ होहोकाम म्हणतात, तिचा काळ ढोबळमानाने इ.स. ४५० ते १४५० असा हजार वर्षांचा. टूसॉनच्या बाजूला कालवे त्याही कितीतरी आधीचे, सुमारे इ.स.पू. १२०० चे आहेत. त्या वेळी आपल्याकडे घोड नदीकाठी इनामगाव नांदतं होतं. भारताशी काळाची तुलना एवढी एकच करा. "आपलं जास्त जुनं की त्यांचं?" हा सामना वर्गात सुरू झाला की तास संपला म्हणून समजा.

मग एकच प्रश्न फळ्यावर लिहा. मी लिहिते : इथे पाणी कुठून आणलं? फिनिक्समध्ये वर्षाला सरासरी १८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या माणदेशात याच्या दुपटीहून जास्त पडतो, आणि तरी आपण त्याला दुष्काळी म्हणतो. मग इथे हजार वर्षं मका, कापूस, घेवडा, भोपळा कसा पिकला? या प्रश्नाला धरून चौथरा, भांडी, शिंपल्याच्या बांगड्या अशा सगळ्या गोष्टींपर्यंत जाता येतं. "ते लोक कोण होते?" असा सैल प्रश्न घेतला, तर मुलं विकिपीडिया वाचून दाखवतात.

*तपासा :* तुमचं खोरं, काळ आणि प्रश्न एका वाक्यात बसतात का? बसत नसतील तर अजून कापा.

टप्पा २ : आपल्या तोंडातले शब्द दुरुस्त करा

मुलांसमोर उभं राहण्याआधी हे करायचं, कारण आपल्याला लहानपणापासून लागलेले शब्द पटकन सुटत नाहीत.

"रेड इंडियन" हा शब्द पूर्ण बंद. नेटिव्ह अमेरिकन चालतं, पण थेट समाजाचं नाव घेणं सगळ्यात चांगलं. फिनिक्सच्या आसपास अकिमेल ओओदम, म्हणजे नदीकाठचे, टूसॉनच्या बाजूला तोहोनो ओओदम, म्हणजे वाळवंटातले, आणि उत्तरेला होपी, नवाहो. नुसतं "इंडियन" म्हटलंत तर आपल्या मुलांचा वेगळाच गोंधळ होतो. आमच्यातली एक चिमुरडी मार्गदर्शकाला ठणकावून सांगत होती, "बट आय अ‍ॅम इंडियन!" तो हसून म्हणाला, "मग आपण दोघं."

"अनासाझी" हाही शब्द सोडा. तो नवाहो भाषेतून आला आहे, त्याचा अर्थ साधारण "शत्रूंचे पूर्वज" असा लावला जातो, आणि मेसा व्हर्देची घरं बांधणाऱ्यांच्या वंशजांना, म्हणजे पुएब्लो लोकांना, तो आवडत नाही. आता "पूर्वज पुएब्लो" म्हणतात. "होहोकाम" हे पुरातत्त्वज्ञांनी एका राहणीला दिलेलं लेबल आहे. ते ओओदम भाषेतल्या "हुहुगम" या शब्दावरून आलं. ओओदम लोकांसाठी हुहुगम म्हणजे त्यांचे पूर्वज.

यातूनच सगळ्यात मोठी चूक निघते : "इ.स. १४५० च्या सुमारास ही माणसं गूढरीत्या नाहीशी झाली." मोठी गावं मोडली, कालवे बंद पडले, माणसं पांगली हे खरं आहे. पण त्यांचे वंशज आज त्याच नद्यांकाठी राहतात, मतदान करतात, शेती करतात. वर्गात "गायब" शब्द उच्चारला की मी मुलांना टेबलावर टकटक करायला लावते. पहिल्या वर्षी माझ्यासाठीच जास्त टकटक झाली.

नावांवरही जाऊ नका. माँटेझुमा कॅसल या नावाच्या ठिकाणाचा अ‍ॅझ्टेक राजा माँटेझुमाशी काडीचा संबंध नाही आणि तो किल्लाही नाही. उच्चारांचंही बघा : हीला (गिला म्हणू नका), सवारो, टूसॉन, टेंपी.

टप्पा ३ : आधी तुम्ही एकटे जाऊन या

मुलांशिवाय, वही घेऊन, शक्यतो आठवड्यातल्या कामाच्या दिवशी. तीन ठिकाणं पुरतात आणि त्यांचा क्रम असा :

१. सेदाव वाआकी संग्रहालय, फिनिक्स. जुन्या नकाशांत आणि लोकांच्या बोलण्यात अजून "पुएब्लो ग्रांदे" सापडेल. नाव २०२३ मध्ये बदललं. इथे फुटबॉलच्या मैदानाएवढा मातीचा चौथरा आहे, चेंडूच्या खेळाचं मैदान आहे आणि लगतच्या आवारात जुन्या कालव्यांचे चर उरले आहेत. पायवाटेवर उभारलेली घरं नव्याने केलेल्या प्रतिकृती आहेत, हे वहीत ठळक लिहा. मुलं तीच खरी समजून येतात, पालकही. विमानं डोक्यावरून जातात तेव्हा काही ऐकू येत नाही, म्हणून बोलायच्या जागा आधीच हेरून ठेवा. चौथऱ्याच्या आडोशाला जरा बरं पडतं.

२. कासा ग्रांदे रुइन्स राष्ट्रीय स्मारक. हे कासा ग्रांदे शहरात नाही! ते कूलिज गावात आहे, शहरापासून तीसेक किलोमीटर लांब. फोनवर नुसतं "कासा ग्रांदे" टाकून मी चार गाड्यांचा ताफा एका किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये नेऊन उभा केला होता. चार मजली मोठं घर सुमारे १३५० च्या दरम्यानचं आहे, चुनखडीमिश्रित कडक मातीचे थर एकावर एक रचून बांधलेलं. आत जाता येत नाही. वरचं पोलादी छप्पर १९३२ चं आहे, आणि मुलांचा पहिला प्रश्न हमखास त्या छपराबद्दलच असतो. उत्तर तयार ठेवा : पाऊस आणि ऊन यांपासून भिंती वाचवायला.

३. डिअर व्हॅली पेट्रोग्लिफ प्रिझर्व्ह, फिनिक्सच्या उत्तरेला. काळ्या दगडांवर १,५०० हून जास्त कोरीव चित्रं. टूसॉनकरांनी सवारो राष्ट्रीय उद्यानातली सिग्नल हिलची छोटी वाट घ्यावी.

प्रत्येक ठिकाणी तीनच गोष्टी टिपा : सावली कुठे, स्वच्छतागृह कुठे, आणि "इथे उभं राहून मुलांना काय विचारायचं". तिसरी जमली नाही तर ती जागा सहलीतून काढून टाका.

*सावधान :* उघडण्याचे वार आणि वेळा हंगामाप्रमाणे बदलतात. मेसा शहरातला मेसा ग्रांदेचा चौथरा तर उन्हाळ्यात बंदच असतो. निघायच्या आदल्या दिवशी फोन करा, वेबसाइटवर सगळा भार टाकू नका.

टप्पा ४ : जमीन कोणाची ते बघा

हा टप्पा कंटाळवाणा आहे, म्हणून सगळे गाळतात. नकाशावर मोकळं दिसणारं वाळवंट मोकळं नसतं. ते केंद्र सरकारचं असू शकतं, राज्याच्या ट्रस्टचं, ओओदम समाजाचं किंवा कोणाचं खासगी. राज्याच्या ट्रस्ट जमिनीवर नुसतं फिरायलाही परवाना लागतो. समाजांच्या जमिनीवर त्यांच्या परवानगीशिवाय अवशेष शोधत हिंडायचं नाही.

केंद्राच्या जमिनीवरच्या पुरावस्तूंना १९०६ आणि १९७९ च्या कायद्यांचं संरक्षण आहे. १९७९ च्या कायद्यात शंभर वर्षांहून जुनी वस्तू येते आणि पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार डॉलरपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. वस्तूची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च मिळून ५०० डॉलरच्या वर गेला, तर शिक्षाही वाढते. मुलांना हे आकडे सांगून घाबरवू नका. पालकांना मात्र लेखी कळवा, कारण "एवढासा तर तुकडा आहे" हे वाक्य मुलांपेक्षा पालकांच्या तोंडीच जास्त येतं.

पहिली काही वर्षं पाटी लावलेल्या, राखणदार असलेल्या जागांवरच जा. आडरानातल्या जागा कोणी हौशी दाखवतो म्हणाला, तर नम्रपणे नको म्हणा.

टप्पा ५ : सहलीच्या आधीचा तास (इथे घाई नको)

सगळा लेख सोडला तरी चालेल, एवढं करा. माझ्याकडे यासाठी दीड तासाचा वर्ग असतो, आणि तोही पुरत नाही.

*क) फुटकं मडकं.* बागकामाच्या दुकानातून भाजलेल्या मातीची साधी कुंडी आणा. तिच्या गळ्याभोवती लाल रंगाने नक्षीची एक पट्टी काढा, मध्येच कुठेतरी एक छोटा मासा काढा. रंग वाळला की कुंडी जाड कापडात गुंडाळून हातोडीने फोडा. हे घरी करायचं, डोळ्यांवर चष्मा लावून, आणि धारदार कडा कानशीने घासून घ्यायच्या. दोन पसरट ट्रे घ्या. पहिल्यात खाली वाळूचा थर, त्यात अर्धे तुकडे आणि थोडे मक्याचे दाणे, वर वेगळ्या रंगाच्या मातीचा थर, त्यात एखादं प्लास्टिकचं झाकण. दुसऱ्या ट्रेमध्ये उरलेले तुकडे आणि एक शिंपला.

मुलांना तुकडे काढू द्या, पण एका अटीवर : प्रत्येक तुकडा काढण्याआधी चौकटीच्या कागदावर त्याची जागा आणि थर नोंदवायचा. नोंद नाही तर तुकडा नाही. ब्रश द्या, चमचे देऊ नका. चमचा हातात आला की सगळे विहीर खणायला लागतात.

सुरू व्हायच्या आधी एका मुलाला बाजूला घेऊन सांगा, की माशाचा तुकडा दिसला की गुपचूप खिशात घाल. पुढे मडकं जुळवायची वेळ येते. पट्टी जुळत जाते आणि एका ठिकाणी भोक राहतं. "इथे काय होतं?" कोणी म्हणतं फूल, कोणी म्हणतं नुसती पट्टीच. पाच मिनिटं वाद होऊ द्या. मग त्या मुलाला खिशातला तुकडा काढायला सांगा. आमच्याकडे त्या क्षणी जो आरडाओरडा झाला, तो ऐकून शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. आता पुढचा प्रश्न विचारा : हा तुकडा कोणत्या ट्रेमधला, कोणत्या थरातला? ते त्या मुलालाही आठवत नसतं. मासा परत मिळतो, त्याची जागा मिळत नाही.

*चुका :* ट्रेमध्ये सोनेरी नाणी, खोटे दागिने पुरू नका. पुरातत्त्व म्हणजे खजिना, हा समज आपणच पक्का करतो. आणि ऑनलाइन विकायला असलेली खरी खापरं "शिक्षणासाठी" म्हणून विकत घेऊ नका. तुमच्या पैशांवर कोणीतरी आणखी खड्डे खणतं.

*ख) पाट काढणे.* मोठी परात किंवा ट्रे, ओली वाळू, एक तांब्या पाणी. एका टोकाला नदी, दुसऱ्या टोकाला शेत. मुलांनी चर काढून पाणी शेतापर्यंत न्यायचं. उतार जास्त झाला तर पाणी काठ खात सुटतं, कमी झाला तर मध्येच मुरतं आणि गाळ बसतो. होहोकाम लोकांनी हा उतार मैलोन्‌मैल सांभाळला, तोही लाकडी आणि दगडी हत्यारांनी माती उकरून, टोपल्यांनी वाहून.

आजी-आजोबा हवेत ते इथे. ज्यांनी गावी रात्री-बेरात्री दारं धरली आहेत, पाटाला बारं देताना पुढच्या शेतकऱ्याशी भांडण केलं आहे, त्यांना कालव्याच्या टोकाच्या माणसाची अडचण सांगावी लागत नाही. मागच्या हिवाळ्यात धुळ्याकडचे एक आजोबा आले होते. पांझरेच्या काठची फड पद्धत त्यांनी लहानपणी पाहिलेली. त्यांनी मुलांना एकच विचारलं, "वरच्याने पाणी अडवलं तर खालच्याने काय करायचं?" पुढची वीस मिनिटं मला बोलावंच लागलं नाही. मोठ्या चौथऱ्यांचा संबंध पाणी वाटून घेण्याच्या व्यवस्थेशी काही पुरातत्त्वज्ञ जोडतात. मुलं तो विचार आपणहून करायला लागली होती.

*ग) पाटा-वरवंटा.* घरात असेल तर आणा. संग्रहालयात मेटाटे आणि मानो दिसतील : मका दळायचा दगडी पाटा आणि त्यावरचा दगड. मराठी मुलांना हे दहा सेकंदांत कळतं. फरकही दाखवा. बरेच मेटाटे मधोमध पन्हळीसारखे खोल असतात. त्यावर दगड मागेपुढे सरकवत कोरडं पीठ काढायचं, चटणी वाटायची नाही.

भांड्यांचंही तसंच. होहोकाम कुंभार आतून दगडाचा आधार देऊन बाहेरून लाकडी थापीने भांडं थोपटत, आपले कुंभार थोपटतात तसंच. उत्तरेकडचे पुएब्लो कुंभार मातीच्या वळ्या रचून त्या खरवडून गुळगुळीत करत. चाक दोघांकडेही नव्हतं.

*तपासा :* तास संपताना मुलं "हे किती जुनं?" याआधी "हे कुठे सापडलं?" असं विचारायला लागली का? लागली असतील तर सहलीला निघा. नसतील तर मडक्याचा खेळ पुन्हा घ्या, सहल पंधरा दिवस पुढे ढकला.

टप्पा ६ : सहलीचा दिवस

*महिना.* नोव्हेंबर ते मार्च. एप्रिलमध्येच दुपार अंगावर येते. २०२३ मध्ये ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस फिनिक्सला पारा रोज ४३ अंशांच्या वर गेला होता. "सकाळी लवकर जाऊन येऊ" ही युक्ती जूनमध्ये चालत नाही. मार्च हा अ‍ॅरिझोनात पुरातत्त्व वारशाचा महिना म्हणून पाळला जातो, तेव्हा कार्यक्रमही जास्त असतात.

*सामान.* चालताना माणशी तासाला लिटरभर पाणी, टोपी, बंद बूट. आणि एक मोठ्या दातांची फणी. विनोद नाही. चोया नावाच्या निवडुंगाचा गोळा पोटरीला चिकटला की हाताने काढायला जाऊ नका, तो हाताला चिकटतो. फणी खाली सरकवून झटक्यात उडवायचा.

*धूळ.* इथल्या मातीत एक बुरशी असते, तिच्यामुळे व्हॅली फीव्हर होतो. जोराचा वारा असेल तर सहल रद्द करा. भारतातून आलेल्या पाहुण्यांना आवर्जून सांगा : परत गेल्यावर खोकला-ताप रेंगाळला, तर डॉक्टरांना अ‍ॅरिझोनातल्या धुळीबद्दल सांगा. तिकडे हा आजार सहसा कोणाच्या डोक्यात येत नाही.

*जागा.* एका दिवशी एकच. दुसरी जोडायचीच असेल तर पहिली दुपारच्या जेवणाआधी संपवा आणि दुसरीकडे फक्त एक प्रश्न घेऊन जा. पाच-सहा मुलांमागे एक मोठा माणूस हवा. फोटो काढणारा मोठा माणूस यात धरायचा नाही.

जागेवर पोचल्यावर पहिली दहा मिनिटं काही सांगू नका. मुलांना एका जागी बसवून समोरचं चित्र काढायला लावा. रेघ ओढायची म्हटली की बघावं लागतं. कासा ग्रांदेला एका मुलीने भिंत काढताना विचारलं, "इथे कोणी नावं का कोरली आहेत?" एकोणिसाव्या शतकातल्या पाहुण्यांनी केलेले ते उद्योग. मला ते दाखवायचं होतंच, पण ती मला आधी दाखवून गेली.

कोरीव चित्रांपाशी हात लावायचा नाही. दगडावरचा काळपट थर साचायला हजारो वर्षं लागतात. चित्र म्हणजे तो थर ठोकून काढलेली रेघ. हाताचं तेल, ओला रुमाल, खडू यांनी ती खराब होते. चित्र नीट दिसत नसेल तर सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात या. आपल्या मुलांना कोकणातली कातळशिल्पं माहीत असतील तर फरक सांगा : ती आडव्या सड्यावर, वरून बघायची, ही मोठमोठ्या दगडांच्या अंगावर. चित्रांचा अर्थ मुलांना विचारू द्या, पण "हे गोल म्हणजे सूर्य" अशी ठाम उत्तरं तुम्हीही देऊ नका.

जमिनीवर खापर दिसलं तर? वाकून बघा, आहे तिथेच फोटो काढा, फोनचं लोकेशन बंद ठेवून. उचललंच असेल तर नेमकं त्याच जागी, त्याच बाजूने ठेवा. काही जण सापडलेले तुकडे गोळा करून सपाट दगडावर प्रदर्शन मांडतात. हेतू चांगला असतो, पण सगळ्या तुकड्यांच्या जागा एका झटक्यात पुसल्या जातात. दिसलं तर मोडू नका, पाटीवरच्या कार्यालयाला कळवा.

टप्पा ७ : ज्यांचे पूर्वज आहेत त्यांचं ऐका

हा टप्पा सहलीनंतर ठेवते, कारण तोवर मुलांकडे खरे प्रश्न जमलेले असतात. हीला रिव्हर समाजाचं हुहुगम हेरिटेज सेंटर आहे. तोहोनो ओओदम राष्ट्राचं सांस्कृतिक केंद्र टोपावाला आहे. जाण्याआधी विचारून घ्या आणि फोटोचे नियम पाळा. उत्तरेला होपी गावांत तर फोटो, चित्र, ध्वनिमुद्रण काहीच चालत नाही. उन्हाळ्यात तिकडे गेलात तर घड्याळही सांभाळा : अ‍ॅरिझोना घड्याळ बदलत नाही, नवाहो राष्ट्र बदलतं, त्याने वेढलेले होपी बदलत नाहीत. ठरलेल्या भेटीला तासभर उशिरा पोचणारे दर वर्षी भेटतात.

शाळेत वक्ता बोलावलात तर मानधन द्या, आधी ठरवून. नाच करून दाखवा म्हणू नका. दफनांबद्दल मुलांना विचारू देऊ नका, सांगाडे किंवा दफनातली भांडी पडद्यावर दाखवू नका. मानवी अवशेष वंशजांना परत करण्याचा कायदा १९९० मध्ये झाला, तो विषय मोठ्या मुलांशी बोलता येतो.

आणि स्नेहसंमेलनात पिसांचा मुकुट नको. तो उत्तरेकडच्या मैदानी प्रदेशातला, तोही मानाचा. होपींच्या कात्सिना बाहुल्यांच्या कागदी नकलाही नकोत. त्यांच्या धर्मातली गोष्ट आहे ती.

त्याऐवजी टेपरी बीन्स शिजवा. ओओदम शेतकरी आजही हा घेवडा पिकवतात, अगदी कमी पाण्यावर, आपल्या मटकीसारखा काटक. पांढरा जरा गोडसर, तपकिरी मातकट चवीचा. रात्रभर भिजवा, कुकरला नेहमीपेक्षा जास्त शिट्ट्या द्या, मग हवी तर उसळ करा. गोडा मसाला बेताने घाला, नाहीतर टेपरी की वाटाणा ते कळणार नाही.

टप्पा ८ : परत आल्यावर

आठवड्याच्या आत एक तास घ्या, त्यानंतर आठवणी फोटोंसारख्याच होऊन जातात. मुलांना नदी, कालवा, शेत, चौथरा असा नकाशा आठवून काढायला लावा आणि नावं मराठीत लिहायला लावा : पाट, बांध, चूल, खापर. मग फळ्यावरचा पहिला प्रश्न पुन्हा वाचा. उत्तर देता येतं का, आणि ते कशावरून देतो हे सांगता येतं का? "कशावरून?" हा प्रश्न मी चार वेळा विचारते, मुलं वैतागतात.

ज्याला यातच रमायचं आहे अशा मुलाला खणायची घाई करू देऊ नका. टूसॉनच्या अ‍ॅरिझोना स्टेट म्युझियममध्ये अख्ख्या भांड्यांचा प्रचंड संग्रह आहे, तिथे एक दिवस घालवा. पुढच्या हंगामात नवी जागा न शोधता त्याच चौथऱ्यावर परत न्या.

शेवटचं काम पालकांचं : सहलीचे कपडे धुवायला टाकण्याआधी खिसे तपासा. आमच्याकडे एकदा वॉशिंग मशीनमधून खडखड आवाज आला आणि लाल रेघेचं, नखाएवढं खापर निघालं. मुलाला एवढंच आठवत होतं, "एका झुडपाजवळ." पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात लोक वर्षानुवर्षं चोरलेले दगड माफीच्या पत्रासह पाठवतात. ते कुठले हे कळत नसल्याने परत जागेवर ठेवता येत नाहीत, त्यांचा वेगळा ढीग झाला आहे. तरीही खापर घरात ठेवू नका आणि जवळच्या वाळवंटात फेकूनही देऊ नका. सहलीची तारीख, वाट, पार्किंगपासून साधारण किती पावलं, कोणत्या बाजूचं झुडूप, जे आठवेल ते मुलाच्याच हाताने लिहून घ्या, आणि ती जागा सांभाळणाऱ्या कार्यालयाला फोन करून ते कसं परत करायचं ते विचारा. आम्ही ते लहान डबीत कापूस घालून, चिठ्ठीसह नेऊन दिलं. झुडपाचं चित्रही मुलाने काढून दिलं होतं.